इंजिनाला हार, रुळाला गवत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर-पानावर बागेतल्या छोट्या आगगाडीचा फोटो छापून आला. नवं कोरं इंजिन, त्याच्या कपाळावर झेंडूचा हार, शेजारी सात-आठ मान्यवर, आणि त्यातल्या एकाच्या हातात हिरवा झेंडा. गाडी पुन्हा सुरू होतेय याचा मला आनंदच आहे, नातवंडं असलेल्या माणसाला नसेल तर कोणाला असणार? पण मी तो फोटो भिंगाखाली धरून पाहिला. मान्यवरांना नव्हे. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, एका चकाकत्या बुटाच्या पुढे, दोन रुळांचा जोड दिसतो. त्या जोडाखाली खडी उरलेली नाही, गवत वर आलंय आणि दोन्ही टोकं खाली बसली आहेत. त्या जोडावरून रंगीत डबे जायचे आहेत, डब्यांत पोरं बसायची आहेत.

म्हणून हे पत्र. शहराचं नाव मी मुद्दामच घालत नाही. अशी बाग आणि अशी बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होणारी गाडी बऱ्याच शहरांत आहे, आणि मला कोणाला पकडायचं नाही. मला फक्त एक गाडी कमी आहे एवढं सांगायचं आहे. पोरांची नव्हे, लाइनीची.

आधी मी कोण ते सांगतो. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. बत्तीस वर्षं पोरांना कानस धरायला शिकवली. त्याच्याही आधीचं म्हणजे मी कुर्डुवाडीचा. वडील बार्शी लाइटवर ट्रॉलीमन होते. नव्या वाचकांसाठी सांगतो, १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी लाइन टाकली. पुढे ती एकीकडे लातूर आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. आता तिथे मोठी लाइन आहे. ट्रॉलीमन म्हणजे लाइन तपासणाऱ्या साहेबाची ढकलट्रॉली पळवणारा. चाकांवरची लाकडी फळी, वर बाक, बाकावर साहेब, साहेबावर मोठी छत्री, आणि मागे रुळावरून अनवाणी पळणारे दोघे. ट्रॉलीने वेग घेतला की उडी मारून मागे बसायचं, मंदावली की पुन्हा उतरून पळायचं. बाकीचे दोघे बसलेले असायचे ते आळीपाळीसाठी, आणि समोरून गाडी आली तर चौघांनी मिळून ट्रॉली उचलून बाजूला ठेवण्यासाठी. जोड कुठे बसलाय ते साहेबाला वहीत लिहायच्या आधी वडिलांच्या तळपायाला कळायचं. ते घरी येऊन जेवताना किलोमीटर सांगायचे. आई म्हणायची, पायाला डोळे फुटलेत ह्यांच्या.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवलं ते गेल्या वर्षी, तेही अमेरिकेत.

लेक ओरेगॉन राज्यात पोर्टलंडजवळ असते. एप्रिलअखेर आम्ही दोघं गेलो, ऑक्टोबरअखेर परत आलो. पहिले पंधरा दिवस मी नळ दुरुस्त केले, दाराच्या बिजागऱ्या बसवल्या, मग घरात दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नाही. एका रविवारी नातू म्हणाला, आजोबा, पलीकडच्या शेतात ट्रेन आहे. मला वाटलं खेळण्यातली. गेलो तर तीन-चार एकरांचं आवार, उंच डग्लस फरची झाडं, आणि त्या झाडांमधून वळसे घेत गेलेली साडेसात इंच गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर असलेली, लाइन. पाचसहाशे मीटर तरी असेल. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ एका छोट्या डिझेल-छाप इंजिनावर घोड्यावर बसावं तसे बसून येत होते. मागच्या डब्यांवर शेजारची पोरं. मला हात केला. मी पोरांना सोडून आधी खाली वाकलो आणि रूळ पाहिला. त्यांना ते दिसलं. त्यांचं नाव इथे देणं बरं नाही, मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'मालक' म्हणायला लागलो. अर्थ विचारून घेतल्यावर त्यांना ते फार आवडलं. नंतर त्यांच्या कुत्र्यालाही तो शब्द कळायला लागला होता.

अमेरिकेत हा छंद जुना आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५० साली आपल्या घराच्या आवारात अशीच लाइन टाकली होती, जवळजवळ अर्ध्या मैलाची. गंमत अशी की डिस्नेंची लाइन सव्वासात इंची होती आणि पश्चिम किनाऱ्यावर आता बहुतेक ठिकाणी साडेसात इंच चालतं. म्हणजे फरक फक्त दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पण त्या दोन सुतांमुळे इकडची गाडी तिकडे धावू शकत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये पोरं म्हणायची, 'सर, दोन सूत काय एवढं?' त्यांना दाखवायला हे उदाहरण मला तीस वर्षं आधी हवं होतं. ओरेगॉनातच चिलोक्विन गावाजवळ ट्रेन माउंटन नावाची जागा आहे, तिथे साडेसात इंची रूळ पंचवीस मैलांहून जास्त आहेत आणि त्याची नोंद गिनेस बुकात आहे. हे सगळं हौसेसाठी.

मालकांकडे इंजिनं तीन होती. बसायचे डबे सहा. बोगदा होता, पूल होता, लाल-हिरवे सिग्नल होते, एक पाण्याची टाकीसुद्धा होती, जिच्यात पाणी नव्हतं. लाइन मात्र आजारी होती. रूळ ॲल्युमिनियमचे, खाली प्लॅस्टिकचे स्लीपर, त्याखाली बारीक खडी. खडीखालची जमीन मोल नावाचा चिचुंद्रीसारखा प्राणी पोखरतो, त्यामुळे दर दहा-पंधरा फुटांवर कुठे उंचवटा, कुठे खड्डा. वरून पानं. फरच्या सुया रुळावर पडून दळल्या जातात आणि त्यांचा हिरवट लगदा होतो. जोड तर विचारूच नका. २०२१च्या जूनमध्ये पोर्टलंडला पारा ११६ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या सेहेचाळीस-सत्तेचाळीस सेल्सिअसवर गेला होता. तेव्हा पुलापाशी रूळ सापासारखा वळला, असं मालकांनी सांगितलं. मी तिथेच माचिसच्या खोक्यावर हिशेब करून दाखवला. तीस मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा रूळ चाळीस अंशांनी तापला की सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटरनी वाढतो. तितकाच लोखंडी रूळ वाढतो चौदा-पंधरा. जोडात जागा न सोडता तो बसवला असेल तर तो जाणार कुठे? तुम्ही थंडीत लाइन टाकली का, असं मी विचारलं. म्हणाले, नाही, उन्हाळ्यात टाकली. मग सत्तेचाळीसाला एवढा वळायला नको होता. मग लक्षात आलं, जोड गंजून आणि मातीने घट्ट झाले होते, रूळ सरकायलाच तयार नव्हता. फिशप्लेटचे, म्हणजे जोडावरच्या पट्टीचे, बोल्ट सोडून, ग्रीस लावून, पुन्हा आवळायला कोणी गेलंच नव्हतं.

का गेलं नव्हतं? कारण जायला काही नव्हतं. खडी न्यायची तर एकचाकी हातगाडी. ती स्लीपरांवरून ढकलायची. सोबत पहार, फावडं, पाण्याची बाटली. मालक त्र्याहत्तर वर्षांचे, मी एकाहत्तर. दोन खेपांत आमची कंबर धरली. प्रवासी गाडीच्या डब्यात खडी भरली तर गाद्या खराब होतात. मी म्हटलं, मालक, तीन इंजिनं आहेत आणि लाइनीला एक ट्रॉली नाही. आमच्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात. तुमच्याकडे तर घोडंच नाही.

मालक हसले आणि गॅरेजचं दुसरं दार उघडलं. आत एक खराखुरा जुना स्पीडर धूळ खात उभा होता, मोठ्या लाइनीवर चालणारा. मिनेसोटातल्या फेअरमाँट गावच्या कारखान्याचा. अमेरिकेत लाइनीवरची माणसं पूर्वी असल्या पेट्रोलच्या छोट्या गाड्यांवरून कामाला जायची, त्यांच्या फटफट आवाजावरून त्यांना तिथे 'पट-पट' म्हणतात. पुढे रस्त्यावरच्याच ट्रकला रुळाची चाकं लावून काम भागायला लागलं आणि स्पीडर भंगारात किंवा हौशी लोकांच्या गॅरेजात गेले. मालकांची इच्छा अशी की याचीच आठव्या हिश्शाची प्रतिकृती करावी, पेट्रोलचं इंजिन, पट्टा, तोच आवाज. मी म्हटलं, आवाजाने खडी जात नाही. तीन दिवस या विषयावर आमचं बोलणं बंद होतं. चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी निकाल दिला, बॅटरी. पेट्रोलचा वास कपड्यांना येतो म्हणून. तांत्रिक कारणं माझी होती, निकाल मात्र कपड्यांवर लागला.

आता बांधणीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तेच सांगायला हे पत्र लिहितोय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी शेवटच्या परिच्छेदाला जावं.

सांगाडा दीड इंची अँगलचा, लांबी साडेचार फूट, रुंदी वीस इंच. चाकं तयार मिळतात. मोठ्या लाइनीवरच्या तेहतीस इंची चाकाचा आठवा हिस्सा, म्हणजे सव्वाचार इंचाला थोडं कमी, आपले एकशेपाच मिलिमीटर. परीघ तेहतीस सेंटिमीटर. मोटार चोवीस व्होल्टची, साडेतीनशे वॅटची, स्वतःचा गिअर असलेली, सायकल-स्कूटरला लावतात तसली. तिच्या तोंडाशी मिनिटाला सुमारे तीनशे फेरे. मोटारीवर आणि आसावर सारख्याच दातांची चक्रं बसवली, मध्ये साखळी. तीनशे फेरे गुणिले तेहतीस सेंटिमीटर, मिनिटाला शंभर मीटर. ताशी सहा किलोमीटर. मालक म्हणाले, फार हळू. मी म्हटलं, लाइन बघायची आहे की लाइनीवरून पळून जायचंय? बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस. पुढे टूलबॉक्स, मागे खडीच्या डब्याला हूक.

ब्रेकवरून पुन्हा वाद झाला. मालकांचं म्हणणं, वेग कमी केला की कंट्रोलर, म्हणजे मोटारीची वीज कमी-जास्त करणारी पेटी, मोटारीलाच ब्रेक करतो, वेगळा ब्रेक कशाला? मी ऐकलं नाही. बॅटरी उतरली, वायर निघाली, तर उतारावर कंट्रोलर काय करणार? वडिलांच्या ट्रॉलीला लाकडी ठोकळ्याचा हातब्रेक होता. तसाच केला. मेपलचा ठोकळा, लोखंडी दांडा, ओढला की ठोकळा चाकावर बसतो. पूर्ण गाडीत हा एकच भाग असा आहे की जो मी कागदावर काढला नाही. हात आपोआप गेला.

वर्कशॉप मालकांचं, हत्यारं इंचात, माझं डोकं मिलिमीटरमध्ये. एकदा त्यांनी पाच सोळांश म्हटलं आणि मी आठचा ड्रिल उचलला. पाच सोळांश म्हणजे सात पूर्णांक चौऱ्याण्णव. ते सहा शतांश आम्हाला एका बेअरिंगच्या रूपाने महाग पडले. पोरांना मी अशा चुकीला वर्गाबाहेर काढायचो. मालकांनी मला कॉफी दिली.

ऑगस्टमध्ये पहिली फेरी. नातू हिरवा झेंडा घेऊन उभा. हार घालायचा मोह मलाही झाला होता, खोटं कशाला सांगू. पहिली चाळीस मीटर छान गेली. मग पुलानंतरच्या वळणाच्या तोंडाशी पुढचं डावं चाक रुळावर चढलं, आणि मी आणि टूलबॉक्स दोघेही खडीत. लागलं काही नाही. अपमान लागला.

चूक माझी होती, आणि फिटरची चूक होती. मी सांगाडा वेल्डिंग करून एकदम ताठ बनवला होता. तिवई कुठेही ठेवा, डगमगत नाही. पाट मात्र जमीन सरळ नसली की एका पायावर नाचतो. वळणाला बाहेरचा रूळ उचललेला असतो, सरळ लाइनीला नसतो, आणि मधल्या टप्प्यात लाइन पिळलेली असते. ताठ गाडीची तीन चाकं रुळावर टेकतात, चौथं हवेत. हवेतल्या चाकाची कड रुळाला धरून राहणार कशी? ती वर चढते आणि पलीकडे उतरते. इथे वडिलांची ट्रॉली पुन्हा आठवली. ती लाकडी होती, खिळखिळी वाटायची, फळ्या करकरायच्या. आम्ही पोरं हसायचो. तिचं खिळखिळं असणं हीच तिची सोय होती, पिळलेल्या लाइनीवर ती स्वतः थोडी पिळायची. पुढचा आस मग मी सांगाड्यापासून कापून काढला आणि मधोमध एका जाड पिनवर बसवला, तराजूच्या दांडीसारखा. दोन्ही बाजूंना बोटभर वर-खाली व्हायला जागा ठेवली. गाडीला आता मागे दोन टेकू आणि पुढे एक. तिवई झाली. त्यानंतर ती त्या वळणावर एकदाही घसरली नाही. मालक वळणाजवळ वीस मिनिटं पोटावर झोपून चाकं बघत होते. मालकीणबाईंना वाटलं त्यांना चक्कर आली.

दुसरी फजिती ऑक्टोबरात. पाऊस सुरू झाला, मेपलची हातभर पानं गळायला लागली. खडी भरलेला डबा जोडून मी चढावर निघालो. शंभर मीटरला दोन मीटरचा चढ, काहीच नाही. मोटार फिरतेय, चाकं फिरतायत, गाडी जागेवर. पुन्हा माचिसचं खोकं काढलं. गाडी, मी, बॅटऱ्या मिळून दोनशे किलो, डबा अडीचशे. चढ आणि घासण मिळून शंभराला तीन धरलं तर साडेतेरा किलोची ओढ हवी. फक्त मागचा आस ओढतो, त्याच्यावर भार शंभर किलो. कोरड्या रुळावर चाकाची पकड भाराच्या शंभराला वीस धरता येते, म्हणजे वीस किलो, पुरे. पानांच्या लगद्यावर शंभराला पाचसुद्धा मुश्कील. मोटार कितीही मोठी लावा, चाकाखाली साबण असेल तर काय होणार? मालक मोठी मोटार घ्यायला निघालेच होते, त्यांना थांबवलं.

दोन गोष्टी केल्या. पुढच्या आसाच्या त्या तराजूतच तसलीच दुसरी मोटार बसवली, म्हणजे चारही चाकं ओढायला लागली. आणि बॅटऱ्या मागून काढून मध्यावर आणल्या, दोन्ही आसांवर सारखा भार. ही शेवटची युक्ती माझी नाही, काल्थ्रॉपसाहेबाची. बार्शी लाइटचा रूळ हलका, दर यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचा. त्यावर जड इंजिन चालावं म्हणून त्याने ठरवलं की इंजिन असो की वाघिणी, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, सगळ्यांवर सारखा वाटून द्यायचा. कुर्डुवाडीच्या पोराला हे माहीत असायला हवं होतं. तरी हिशेब दहा किलोपर्यंतच आला. लगदा तसाच राहिला तर साडेतीन किलो कमी. म्हणून पुढच्या चाकांच्या आधी दोन ताठ तारेचे ब्रश टांगले, रुळाच्या माथ्यावर घासत जाणारे. पुढची फेरी खडीसकट चढून गेली. वर पोचल्यावर मालकांनी एवढंच विचारलं, आता थोडा आवाज लावता येईल का?

मग ती गाडी काय काय करायला लागली ते पाहण्यासारखं होतं. सकाळी एक रिकामी फेरी, ताशी सहा किलोमीटरने. सांगाड्याच्या खाली पाण्याची लेव्हल लावलेली, कुठे लाइन कलली ते बुडबुडा सांगतो. गेजची पट्टी हातात. जिथे शंका येईल तिथे स्लीपरवर खडूची रेघ. दुसऱ्या फेरीला खडीचा डबा, पहार, खडी ठासायचा छोटा बीटर. रेघेपाशी थांबायचं, रूळ उचलायचा, खाली खडी ठासायची, लेव्हल पाहायची, रेघ पुसायची. मालकांच्या सिग्नलांना आमची गाडी बरोबर कळायची, आमच्या मागे लाल व्हायचा. आपल्या रेल्वेत ढकलट्रॉलीची चाकं अशी करतात की सिग्नलला ती कळूच नये, म्हणून ट्रॉलीमनने झेंडे घेऊन स्वतःच राखण करायची. इथे उलट केलं. पोरांची गाडी मागून येणार असेल तर तिला लाल दिसलेलाच बरा. तीन आठवड्यांत सगळे जोड सोडून, ग्रीस लावून, पुन्हा आवळले. तीन आठवडे म्हणजे दिवसाला दीड-दोन तास, मधल्या कॉफीसकट. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही सुट्टीवर आला आहात ना?

आता आपल्या बागेकडे येतो.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी बागेत गेलो होतो, टेप आणि लेव्हल घेऊन. तेव्हा गाडी बंद होती, फाटक उघडं होतं. रूळ लोखंडी आहेत, चांगले आहेत, वाया गेलेले नाहीत. मुद्दाम सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल सगळं उखडा आणि नवं टाका, आणि त्या नव्याचंही उद्घाटन होईल. जोड बसलेत. खडी वाहून गेली आहे. वळणाला एका ठिकाणी गेज बोटभर जास्त आहे, तिथे चाक आत पडायला वेळ लागणार नाही. आधीची गाडी बंद का पडली असं चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, 'इंजिन खराब झालं.' माझं मत वेगळं आहे. बसलेल्या जोडांवर आपटून आपटून इंजिनाचे बेअरिंग गेले असणार. आता आलेलं नवं इंजिनही त्याच जोडांवर आपटणार. संबंधितांना मी दोन पानी पत्र दिलं, पोचपावती आहे. उत्तर आलं नाही, उद्घाटन झालं.

लहानपणी शाळेच्या सहलीला पुण्याला गेलो होतो तेव्हा पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसलो होतो. १९५६ पासूनची गाडी ती. कुर्डुवाडीची पोरं आम्ही, रोज खरी छोटी गाडी बघणारी, तरी त्या गाडीसाठी रांगेत भांडलो. एवढं आकर्षण आहे त्यात. म्हणूनच म्हणतो, बागेची गाडी म्हणजे क्षुल्लक गोष्ट नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रवासी गाडी चालू करायच्या आधी लाइनीची एक मोटारट्रॉली बनवा. बाहेरून काही मागवायचं नाही. ई-रिक्षाची मोटार, कंट्रोलर आणि बॅटऱ्या आता प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी गॅरेजात मिळतात, दुरुस्त करणारी पोरंही तिथेच आहेत. चाकं आपल्या फाउंड्रीत ओतून लेथवर काढता येतात. सांगाडा आयटीआयच्या फिटर आणि वेल्डरच्या मुलांना एका सत्राचं काम म्हणून द्यावा. पुढचा आस तराजूसारखा, दोन्ही आसांना मोटार, हातब्रेक लाकडी ठोकळ्याचा. रेखाचित्रं माझ्याकडे मिलिमीटरमध्ये तयार आहेत. मी बाजारात फिरून भाव विचारले, माझ्या हिशेबाने सगळं मिळून पन्नास हजारांच्या आत बसतं. मजुरी धरलेली नाही, कारण निदेशक फुकट यायला तयार आहे. रोज सकाळी बाग उघडायच्या आधी एक फेरी, आणि सोबत खडूचा एक तुकडा. ट्रॉलीला हार घालायचा असेल तर जरूर घाला, हरकत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. त्या फोटोची मूळ मोठी प्रत मिळाली तर उपकार होतील. उद्घाटन झाल्यापासून लाइनीकडचं फाटक पुन्हा कुलूपबंद आहे, किल्ली कोणाकडे ते चौकीदारालाही माहीत नाही. डाव्या कोपऱ्यातल्या त्या जोडाच्या फिशप्लेटला बोल्ट दोन आहेत की एकच, हे वर्तमानपत्राच्या छपाईत भिंगानेही कळत नाही.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक
(नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, छापू नये)